अर्ध्या कोयत्याचा हिशेब : अर्जदारांची बाजू लढवणाऱ्या एका तरुण वकिलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या अ‍ॅड. स. यांचे आणि त्यांच्याकडे आलेल्या एका ऊसतोड कुटुंबाचे आहे. दोघांच्या संमतीने ते लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. मी त्याच न्यायालयात वकिली करतो आणि वकील संघाच्या खोलीत अ‍ॅड. स. यांचे टेबल माझ्या शेजारीच असल्यामुळे या दाव्याचे बरेचसे टप्पे मी जवळून पाहिले आहेत.

अ‍ॅड. स. यांचे आईवडील पंधरा वर्षे ऊसतोडीला जात होते. लहानपणी दसरा-दिवाळीनंतर त्या आजीजवळ गावी राहत, आणि एक वर्ष कारखान्याच्या परिसरातील साखर शाळेत शिकल्या. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून २०१८ मध्ये त्यांनी महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद घेतली. पहिली तीन वर्षे त्यांनी ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली. ते कार्यालय विमा कंपन्यांच्या बाजूने मोटार अपघाताचे दावे चालवत असे. तेथे महिन्याला मिळणारी रक्कम जेमतेम येण्याजाण्याला पुरे. ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी सूचना भारतीय वकील परिषदेने काढली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि तीसुद्धा सूचनाच आहे. पण त्या तीन वर्षांत विमा कंपनीचा वकील अर्जदाराचा दावा कुठे पोकळ आहे ते कसे शोधतो, हे त्यांनी नीट पाहून घेतले. २०२१ मध्ये स्वतंत्र काम सुरू केल्यावर त्यांनी ठरवले की यापुढे अपघाताच्या दाव्यात आपण अर्जदाराच्याच बाजूने उभे राहायचे. घरखर्च चालायचा तो जामिनाच्या अर्जांवर आणि एकशे अडतीसच्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, प्रकरणांवर.

घटना आणि अडचण

डिसेंबर २०२२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात ऊसतोड मजुरांची टोळी एका फडाची, म्हणजे उसाच्या शेताची, तोड संपवून रात्री कोप्यांकडे, राहायच्या झोपड्यांकडे, परतत होती. ट्रॅक्टरला जोडलेल्या रिकाम्या ट्रॉलीत आठ-नऊ माणसे बसली होती. कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्यावर चालकाने मोरीजवळ वेग कमी केला नाही, ट्रॉली उलटली आणि बत्तीस वर्षांची एक स्त्री तिच्याखाली सापडून जागीच गेली. मागे नवरा, तीन मुले आणि सासू. चालकाविरुद्ध निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

अंत्यसंस्कारासाठी नवरा चार दिवस गावी आला आणि पुन्हा फडावर गेला, कारण उचल फिटायची होती. ज्यांना हा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ठोक रक्कम आगाऊ देतो, तिला उचल म्हणतात. जोडीने तोडलेल्या उसाच्या टनामागे जी मजुरी होते, ती त्या उचलीतून वळती होत जाते. अशा जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता, आणि त्याची उचलही अर्धीच. पत्नी गेल्यानंतर हा माणूस उरलेला हंगाम अर्धा कोयता म्हणून राबला आणि मे २०२३ च्या मध्यावर, नात्यातल्या कुणीतरी सांगितले म्हणून, अ‍ॅड. स. यांच्याकडे आला.

तोवर पाच महिने उलटले होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. म्हणजे हातात चार आठवडे होते आणि कागद एकच, एफआयआरची अस्पष्ट झेरॉक्स. शवविच्छेदन अहवाल, घटनास्थळ पंचनामा, विमा पॉलिसीची प्रत, सगळे साडेतीनशे किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात. मृत स्त्रीच्या कमाईचा एकही पुरावा नव्हता. बँकेत खाते होते, पण त्यात मजुरी कधी जमा झालेली नव्हती.

विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा होता. तेथे चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र मालक कोण हे ठरवावे लागते, आणि ऊसतोडीत मुकादम वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार कारखान्याकडे, आणि कारखाना म्हणतो की हे आमचे कामगारच नव्हेत. शिवाय रक्कम कमी. महिन्याला ९,००० रुपये मजुरी धरली तरी तिच्या निम्म्या रकमेला बत्तीस वर्षे वयाच्या गुणकाने, २०३.८५ ने, गुणून सुमारे ९ लाख १७ हजार रुपये होतात. दुसरा मार्ग मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चा, ज्यात चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ठोक ५ लाख रुपये मिळतात. तिसरा कलम १६६ चा. त्यात चालकाचा निष्काळजीपणा आणि मृताचे उत्पन्न दोन्ही दाखवावे लागते, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या हिशेबाने ठरते. कर्मचारी कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग निवडता येतो.

अ‍ॅड. स. यांनी तिसरा मार्ग निवडला. कलम १६६ अर्जदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील न्यायाधिकरणात दावा दाखल करू देते, आणि पाच माणसांचे पोट रोजावर असलेल्या घराला दुसऱ्या जिल्ह्यातील तारखा झेपणार नव्हत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे त्या एफआयआरवर दावा दाखल केला. बाकीचे कागद नंतर मागवता येतात, पण गेलेली मुदत परत येईलच याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही, म्हणून हा निर्णय मला पूर्णपणे बरोबर वाटतो.

शुल्काचा प्रश्न

पहिल्याच भेटीत नवऱ्याने सांगितले, "ताई, माझ्याकडं आत्ता काही नाही. पैसं आल्यावर त्यातलं चार आणे तुम्ही घ्या." अमेरिकेत अर्जदारांचे वकील बहुतेक अशाच कराराने काम करतात आणि त्यावर तिथली वकिलीची एक मोठी शाखा उभी आहे. आपल्याकडे मात्र भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरीही तालुक्याच्या गावांत हा चार आण्यांचा व्यवहार सर्रास चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा भार विधवांवर, विधुरांवर आणि अनाथ मुलांवर पडतो.

अ‍ॅड. स. यांनी एक ठरावीक रक्कम हप्त्यांत देण्याचे मराठीतून लिहून दिले, त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि प्रत नवऱ्याच्या हातात ठेवली. दावा हरला तरी ती रक्कम द्यावी लागेल हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, जे सांगणे सोपे नव्हते. समोरची विमा कंपनी त्यांच्या जुन्या ज्येष्ठांच्या पॅनेलवरची होती, तेही त्यांनी नवऱ्याला आणि ज्येष्ठांनाही कळवले. या दाव्याला त्यांचा पूर्वी कधी हात लागलेला नसल्यामुळे नियमाची अडचण नव्हती, पण उद्या कुठून तरी कळण्यापेक्षा आज आपणच सांगितलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते.

निर्णयाची पहिली जागा : ती ट्रॉलीत होती की रस्त्यावर?

एफआयआरमध्ये एवढेच लिहिले होते की "ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडून" मृत्यू झाला. मयत ट्रॉलीत बसली होती की बाजूने चालत होती, हे त्यात नव्हते. मुकादमाने नवऱ्याला पढवले होते की ती पायी चालली होती असे सांग, म्हणजे इन्शुरन्सचे पैसे अडत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने मुकादमाचा हिशेब चुकीचा नव्हता. रस्त्यावरचा पादचारी हा तिऱ्हाईत असतो आणि त्याची भरपाई विमा कंपनीला द्यावीच लागते. शेतीच्या कामासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली माणसे पॉलिसीत येत नाहीत, हा विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ब्रिज मोहन प्रकरणात तो मान्यही केला आहे. त्या प्रकरणात गरीब मजुराला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला खरा, पण तो सर्वोच्च न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली दिला होता. जिल्ह्याच्या न्यायाधिकरणाला तो अधिकार नाही.

अ‍ॅड. स. यांनी नवऱ्याला एकटे बसवून खरे काय ते विचारले. त्याने खाली पाहत सांगितले की ती ट्रॉलीतच होती, धाकट्याला मांडीवर घेऊन, आणि उलटताना तिने पोराला बाहेर फेकले म्हणून तो वाचला. त्यानंतर अर्जात तेच लिहिले गेले. खोटे लिहिले असते तर ट्रॉलीतल्या आठ जणांपैकी कुणीही उलटतपासात ते उघडे पाडले असते, हे व्यावहारिक कारण होतेच. पण अ‍ॅड. स. यांनी मला सांगितलेले कारण वेगळे होते. त्या मुलाला मोठेपणी निकालाची प्रत वाचायला मिळेल, आणि आई रस्त्याने चालत होती असे त्यात लिहिलेले असेल, तर आईने त्याच्यासाठी शेवटी काय केले त्याची नोंद जगात कुठेच राहणार नाही.

कंपनीच्या बचावाला उत्तर म्हणून त्यांनी अर्जातच पर्यायी मागणी घातली, की पॉलिसीच्या अटींचा भंग ठरला तरी कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी. २००४ च्या स्वर्ण सिंग आणि २०१७ च्या मनुआरा खातून या निकालांचा त्यांनी आधार घेतला. चालकाकडे ट्रॉली ओढण्याचा वेगळा परवाना नव्हता, हाही एक आक्षेप होता. ट्रॅक्टरचा परवाना ट्रॉली जोडल्याने निरुपयोगी होत नाही, असे २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात ठरलेले असल्यामुळे तो टिकला नाही.

निर्णयाची दुसरी जागा : लोक अदालत

पुरावा सुरू होण्याआधी राष्ट्रीय लोक अदालतीत कंपनीने ६ लाख रुपयांवर तडजोडीची तयारी दाखवली. नवऱ्याला ती रक्कम हवी होती. त्याच्या डोक्यावर मुकादमाची बाकी होती आणि मोठ्या मुलीच्या शाळेचा प्रश्न होता. अ‍ॅड. स. यांनी कागदावर दोन रकाने आखून एकीकडे आज मिळणारे सहा लाख आणि दुसरीकडे दावा चालल्यास होऊ शकणारा हिशेब मांडला, त्याखाली ठळक अक्षरात "काहीच न मिळण्याची शक्यता" असेही लिहिले, आणि लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही हे सांगितले. सासूबाईंनाही बोलावून घेतले. दोन दिवसांनी कुटुंबाने नकार कळवला. हा नकार वकिलाने दिलेला नव्हता, तो कुटुंबाचा होता. कागद आजही फायलीत आहे.

चूक झाली ती इथे

आता या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. नवऱ्याचे पुराव्याचे शपथपत्र अ‍ॅड. स. यांनी स्वतः लिहिले. त्यात "अर्जदार व मयत यांनी मुकादमाकडून १,१०,००० रुपये उचल घेतली होती" एवढे एक वाक्य होते. उचल म्हणजे काय, ती कशी फिटते, कोयता कशाला म्हणतात, यातले काहीच नव्हते. ज्या घरात हे शब्द भाकरीइतके रोजचे होते, त्या घरात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावेत असे सुचले नाही.

उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी अगदी सौम्य आवाजात एकच गोष्ट विचारली, आणि साक्षीत ओळ उतरली : "हे म्हणणे खरे आहे की, उचल ही कर्जाऊ घेतलेली रक्कम आहे." नवऱ्याने "खरं आहे" म्हटले, कारण त्याच्या लेखी ते खरेच होते. उचल फेडावी लागते, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात डोक्यावर राहते, मग ते कर्ज नाही तर काय? पण न्यायालयाच्या कागदावर त्या एका होकाराने मयताच्या कमाईचा एकमेव पुरावा कर्जाचा पुरावा झाला. न्यायाधीशांनी फेरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारणे, करायचा आहे का असे विचारले. अ‍ॅड. स. यांनी "फेरतपास नाही" असे सांगितले आणि त्या खाली बसल्या.

त्या संध्याकाळी त्या वकील संघाच्या खोलीत बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनी मला विचारले, "सर, उचल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे का?" मी पंचवीस वर्षे याच जिल्ह्यात वकिली करतो, पण माझ्या घरातून कुणी फडावर गेलेले नाही. मी जे सांगितले ते अर्धवट होते. मला जे धड सांगता आले नाही, ते दुसऱ्या विभागातून बदली होऊन आलेल्या न्यायाधीशांना ठाऊक असेल असे आपण गृहीत धरले, हे त्यांना तेव्हा लख्ख दिसले.

दुरुस्ती

पुढच्या तारखेला त्यांनी तीन अर्ज दिले. पहिला, कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळीच्या तोडणीची दोन हंगामांची टनवारी मागवण्याचा. दुसरा, मुकादमाची वही हजर करण्याचा. तिसरा, टोळीतल्या एका बाईला साक्षीदार म्हणून तपासण्याचा. मुकादम आधी आला नाही, दुसऱ्या समन्सनंतर आला.

वहीत हंगामाच्या सुरुवातीला नवरा-बायको दोघांची नावे एका ओळीत आणि पुढे "१ कोयता" असे लिहिले होते. डिसेंबरनंतर बायकोच्या नावावर रेघ मारून पुढे "अर्धा" केले होते. शंभराच्या स्टॅम्पपेपरवरच्या करारावरही तिचा अंगठा होता. आयुष्यभर राबलेल्या त्या बाईच्या श्रमाचा उल्लेख असलेले कागद एवढेच, आणि दोन्ही देण्याचे. अ‍ॅड. स. यांनी युक्तिवाद केला की तिच्या कामाची किंमत या व्यवसायाने स्वतःच ठरवलेली आहे : ती गेल्यावर कोयत्याचे जे अर्धे कमी झाले, ते तिचे होते. आधीच्या हंगामाची टनवारी दराने गुणली तर तेवढीच उचल मजुरीतून पूर्ण फिटल्याचे दिसत होते, म्हणजे ती रक्कम कमाईच होती.

टोळीतल्या बाईंची साक्ष वीस मिनिटे चालली. पहाटे चारला उठून स्वयंपाक, उजाडायच्या आत फड, दिवसभर तोड आणि मोळ्या बांधणे, गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणे, परत आल्यावर पाणी, चूल, पोरे. त्यांनी सगळे न थांबता सांगितले. गृहिणीच्या घरकामालाही उत्पन्नाचे मोल आहे आणि त्यावर भविष्यातील वाढही धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात म्हटले आहे. त्या निकालात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातला आकडाही आहे : बिनमोल घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. ऊसतोड मजूर स्त्रीच्या बाबतीत ही मिनिटे फडावरच्या दिवसाच्या आधी आणि नंतर येतात, हा मुद्दा त्या साक्षीने उभा राहिला.

निकाल

मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. हंगामातील मजुरी, उरलेल्या महिन्यांतली शेतमजुरी आणि घरकाम एकत्र धरून न्यायाधिकरणाने मासिक उत्पन्न ९,००० रुपये मानले. वय चाळिशीच्या आत असल्यामुळे २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार त्यात ४० टक्के वाढ, म्हणजे १२,६०० रुपये. वर्षाचे १,५१,२०० झाले. अवलंबून असलेली माणसे चारपेक्षा कमी नसल्यामुळे स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, बाकी १,१३,४००. सरला वर्मा निकालातील सोळाच्या गुणकाने १८,१४,४०० रुपये. नवरा आणि तीन मुलांच्या सहवासाच्या हानीपोटी, अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीपोटी २,२९,९०० रुपये मिळून एकूण २०,४४,३०० रुपये आणि दावा दाखल झाल्यापासून ७ टक्के व्याज. कंपनीने आधी द्यावे आणि मालकाकडून वसूल करावे, असा आदेश झाला. सुसम्मा थॉमस या १९९४ च्या निकालातील निर्देशांना धरून मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवले गेले.

कंपनीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील केले आहे, आणि ट्रॉलीतल्या प्रवाशाचा मुद्दा तिथे पुन्हा निघणार आहे. रक्कम जमा करण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली, जमा रकमेपैकी निम्मी कुटुंबाला काढता आली. खरे लिहिण्याची किंमत अजून चुकती झालेली नाही, आणि ती किती असेल ते अपिलात कळेल.

काय वेगळे करता आले असते

फेरतपासाची संधी सोडायला नको होती. तिथल्या तिथे दोन प्रश्न विचारून "ही रक्कम कशी फिटते?" हे साक्षीत आणता आले असते. पुढचे तीन अर्ज आणि आठ महिन्यांच्या तारखा त्यामुळे वाचल्या असत्या, आणि त्या आठ महिन्यांत नवऱ्याचे रोज किती बुडाले याचा हिशेब कुणी केलेला नाही. शपथपत्र लिहिण्यापूर्वी ते ऊसतोडीशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला दिले असते, तरी चूक सापडली असती. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो होतो. अ‍ॅड. स. आता पहिल्या भेटीत पक्षकाराला त्याच्या कामाचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावतात, आणि ऐकताना मान डोलावत नाहीत, कारण मान डोलावली की माणूस पुढचे सांगायचे थांबतो.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. रक्कम हातात येताच मुकादम घरी आला. त्या हंगामाच्या उचलीतली मयत बायकोच्या वाट्याची बाकी त्याने मागितली, आणि नवऱ्याने ३८,००० रुपये मोजून दिले. अ‍ॅड. स. यांना हे पंधरा दिवसांनी कळले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कसोटीवर अशी बाकी टिकते का, हे तपासता आले असते. निदान एक लेखी पत्र मुकादमाला आधीच पाठवता आले असते आणि कुटुंबाला सांगून ठेवता आले असते की, तो आला तर वकिलाकडे पाठवा. ही बाकी आहे हे लोक अदालतीच्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होते. दाव्याच्या फायलीत तिला जागा नव्हती, म्हणून ती कुणाच्याच कामात आली नाही. गेल्या दिवाळीत नवरा फडावर गेला नाही, मुलगी दहावीला आहे. मुकादमाच्या वहीत त्याच्या नावापुढे आता काही लिहिलेले नाही, असे त्याने मला सांगितले.